चौथा भाग कशाचा? : चतुर्थकाच्या नियमांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्याकडील दोन विद्यार्थ्यांनी एका जुन्या गद्य उताऱ्यातील दहा वाक्यांची शब्दसंख्या मोजली. चढत्या क्रमाने मांडल्यावर ती अशी आली : ४, ७, ८, ११, १३, १५, १८, २२, २७, ४१. शेवटचे, एकेचाळीस शब्दांचे वाक्य मूळ लेखकाचे की मागाहून कोणी घुसडलेले, असा संशय होता, आणि त्याला संख्याशास्त्राचा काही आधार मिळतो का हे पाहावयाचे होते. दोघांनीही चतुर्थके काढली. एकाला पहिले चतुर्थक ७.७५ व तिसरे २३.२५ मिळाले, दुसऱ्याला अनुक्रमे ८.७५ व २१. आकडेमोड दोघांचीही बिनचूक होती. मात्र प्रचलित कसोटी लावताच पहिल्याच्या हिशेबाने ते वाक्य इतरांच्या पंक्तीत बसणारे ठरले, तर दुसऱ्याच्या हिशेबाने पंक्तीबाहेरचे. एकाच सामग्रीतून दोन निर्णय निघाले, आणि दोन्ही पाठ्यपुस्तकांच्या आधारे! हा प्रकार कसा घडतो याचा उलगडा चतुर्थक या कल्पनेच्या इतिहासात मिळतो. तो संक्षेपाने मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेविषयी. इंग्रजीतील ‘क्वार्टाइल’ हा शब्द संख्याशास्त्राने घडविलेला नाही. दोन ग्रहांमध्ये नव्वद अंशांचे, म्हणजे वर्तुळाच्या चौथ्या भागाचे अंतर असले की त्या योगाला फलज्योतिषात तो शब्द फार पूर्वीपासून लावला जात असे. आपला ‘चतुर्थक’ हा शब्दही असाच दुसऱ्या घरातून आलेला आहे. आयुर्वेदात चौथ्या दिवशी उलटणाऱ्या ज्वराला ‘चतुर्थक’ म्हणतात. कल्पना मात्र आपल्या बोलीला परकी नाही. पाव, अर्धा आणि पाऊण हे तीन शब्द एका ओळीत ठेवले की तीन चतुर्थकांची स्थाने आपोआप सांगून होतात. ‘पाव’ हा ‘पाद’ शब्दापासून आणि ‘पाऊण’ हा ‘पादोन’ म्हणजे ‘पावाने उणे’ या शब्दापासून आलेला आहे, हे भाषेच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

संख्याशास्त्रात ही कल्पना खगोलवेत्त्यांच्या मार्गाने आली. निरीक्षणांतील चुकांचा विचार करताना बेसेल याने १८१५ मध्ये आणि गाउस याने १८१६ मध्ये ‘संभाव्य त्रुटी’ ही कल्पना वापरली. निम्म्या चुका जिच्या आत व निम्म्या जिच्या बाहेर पडतात अशी ही मर्यादा होय. येथे चुका दोन्ही बाजूंना सारख्याच पसरतात असे गृहीत होते. त्यामुळे एकच आकडा पुरे होई. पावाचे व पाऊणाचे बिंदू स्वतंत्रपणे मोजण्याचे त्या गणितात प्रयोजन नव्हते.

ते प्रयोजन निर्माण केले फ्रान्सिस गाल्टन (१८२२–१९११) याने. १८७५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने एक वेगळा विचार मांडला. माणसे उंचीप्रमाणे ओळीने उभी करावयास मोजपट्टी लागत नाही. शेजारच्याशी तुलना पुरते. ओळ लागल्यावर मधल्या माणसाची उंची घ्यावी, आणि ओळीच्या पाव व पाऊण अंतरावर उभ्या असलेल्यांची घ्यावी, म्हणजे साऱ्या समूहाची कल्पना येते. एखाद्या टोळीचा नायक आपली माणसे अशी ओळीने उभी करील, पण प्रत्येकाचे मोजमाप घेऊ देणे त्या लोकांना रुचणार नाही, असा दाखलाही त्याने दिला आहे. या दाखल्यातील साम्राज्यकालीन दृष्टी लपत नाही. याच गाल्टनने पुढे १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला त्याचे इंग्रजी नाव दिले. तथापि एक गोष्ट येथे ध्यानी घ्यावयास हवी. गाल्टनचे चतुर्थक हा मुळात हिशेबाने काढलेला आकडा नव्हता. ओळीत उभा असलेला तो एक माणूस होता.

‘क्वार्टाइल’ ही संज्ञा या अर्थाने १८७९ मध्ये डोनाल्ड मॅकॅलिस्टर याच्या गुणोत्तर मध्यावरील निबंधात आढळते. तो निबंध गाल्टनच्याच प्रेरणेने लिहिला गेला होता. नंतर स्वतः गाल्टनने ती रूढ केली. १८८४ च्या लंडन येथील आरोग्य प्रदर्शनात त्याने मानवमितीची प्रयोगशाळा थाटली आणि ९,३३७ व्यक्तींची मोजमापे गोळा केली. त्यांच्या आधारे १८८५ मध्ये त्याने शततमकांची मांडणी केली.

गाल्टनचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अर्थातच प्लिमथच्या बैलाचे. १९०६ मध्ये तेथील पशुप्रदर्शनात कापून साफ केल्यावर बैलाचे वजन किती भरेल याचा अंदाज करण्याची स्पर्धा झाली. वाचता येण्याजोगी ७८७ तिकिटे गाल्टनला मिळाली, आणि १९०७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्याने त्यांचा निष्कर्ष छापला. त्याने दिलेल्या आकड्यांप्रमाणे मध्यक १,२०७ पौंड, पहिले चतुर्थक १,१६२ पौंड व तिसरे १,२३६ पौंड. प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड. पहिले चतुर्थक मध्यकाच्या ४५ पौंड खाली आहे, तिसरे मात्र अवघे २९ पौंड वर. म्हणजे कमी सांगणारे अधिक पांगलेले होते. खगोलवेत्त्यांच्या एका आकड्यात ही विषमता दिसली नसती. दोन चतुर्थके स्वतंत्रपणे मोजण्याचा लाभ तो हाच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ७८७ मध्ये एक मिळवून चारांनी भागले असता १९७ येतात. सामग्रीचे दोन भाग करून खालच्या भागाचा मध्यक काढला तरी १९७ वेच स्थान मिळते. तिसऱ्या एका नियमाने १९७.५ वे स्थान येते. शेकडो तिकिटांच्या ओळीत अर्ध्या स्थानाने काय बिघडणार? वादाला तेथे जागाच नव्हती. वाद उभा राहतो तो दहा-पंधरा आकड्यांच्या लहान, अवर्गीकृत सामग्रीत. कारण तेथे शेजारच्या दोन आकड्यांमधील अंतर मोठे असते आणि पावाचे स्थान नेमके त्या पोकळीत पडते.

तेव्हा प्रश्न असा की, चौथा भाग घ्यावयाचा तो कशाचा? याची तीन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर : दहा निरीक्षणे संख्यारेषेवर ठेवली असता तिचे अकरा तुकडे पडतात, दोन टोकांबाहेरचे व नऊ आतले. आपली दहा निरीक्षणे एखाद्या मोठ्या समष्टीतून आली असतील, तर तिचा सरासरीने अकरावा हिस्सा प्रत्येक तुकड्यात पडतो. म्हणून अकराचा चौथा भाग घ्यावा : २.७५ वे स्थान. दुसरे स्थान ७ चे व तिसरे ८ चे, म्हणून ७.७५. आपल्याकडील बहुतेक पाठ्यपुस्तकांत दिलेला (न + १) / ४ हा नियम तो हाच. दुसरे उत्तर : पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत नऊच टप्पे आहेत, टोकांबाहेरचे आपणांस काय ठाऊक? म्हणून नऊचा चौथा भाग, २.२५, पहिल्या स्थानात मिळवावा : ३.२५ वे स्थान. तिसरे व चौथे आकडे ८ व ११; म्हणून ८.७५. तिसरे उत्तर : टप्पे मोजूच नयेत, निरीक्षणे मोजावीत. खालच्या पाच आकड्यांचा मध्यक ८, वरच्या पाचांचा २२. निरीक्षणांची संख्या विषम असल्यास मधला आकडा दोन्ही भागांत धरावा की कोणत्याच नाही, हा पोटवाद येथे पुन्हा उद्भवतो. जॉन ट्यूकी याने १९७७ च्या आपल्या ग्रंथात तो दोन्हींत धरला आहे. अनेक शालेय पुस्तके तो वगळतात.

विद्यार्थ्यांचे भांडण येथेच सुटते. चतुर्थकांतील अंतराच्या दीडपट अंतर तिसऱ्या चतुर्थकाच्या वर मोजावे आणि त्यापलीकडील आकडा विलग समजावा, ही कसोटी ट्यूकीचीच. पहिल्या नियमाने अंतर १५.५ व मर्यादा ४६.५, दुसऱ्याने अंतर १२.२५ व मर्यादा ३९.३७५, तिसऱ्याने अंतर १४ व मर्यादा ४३. एकेचाळीस शब्दांचे वाक्य केवळ दुसऱ्या नियमाने बाहेर पडते. दोष त्या वाक्यात नव्हता आणि विद्यार्थ्यांच्या गणितातही नव्हता. दहा वाक्यांकडून जे उत्तर मिळणे शक्यच नव्हते, ते आम्ही त्यांच्याकडून मागत होतो.

या संदर्भात जॉर्ज उड्नी यूल (१८७१–१९५१) याचे स्मरण होते. १९३९ मध्ये ‘बायोमेट्रिका’त त्याने वाक्यांच्या लांबीवरून गद्यशैली ओळखण्याचा प्रयत्न केला आणि ‘इमिटातिओ क्रिस्ती’ या ग्रंथाच्या कर्तृत्वाचा वादही त्या दृष्टीने तपासला. मात्र त्याची सामग्री शेकडो वाक्यांची होती. नमुना मोठा असला की नियमांतील भेद विरून जातात. तो लहान असला की नियमच निष्कर्ष होऊन बसतो.

या भेदांची पद्धतशीर नोंद पुष्कळ उशिरा झाली. हाइंडमन व फॅन यांनी १९९६ मध्ये संगणकीय प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या नऊ व्याख्यांची तुलना केली. लँगफर्ड यांनी २००६ मध्ये प्राथमिक अभ्यासक्रमांत किमान बारा रीती चालू असल्याचे दाखविले. ‘एक्सेल’मध्ये २०१० पासून वरील पहिल्या दोन नियमांसाठी दोन वेगळी फलने आहेत, तर ‘आर’ ही प्रणाली काही न सांगितल्यास दुसरा नियम वापरते. पुस्तकातील उदाहरण संगणकावर पडताळणारा विद्यार्थी गोंधळतो, त्याचे कारण हे.

यावरून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, चतुर्थक हा सीमेवरील बिंदू आहे, समूह नव्हे. ‘अमुक विद्यार्थी खालच्या चतुर्थकात आहे’ असे आपण सर्रास लिहितो. तेथे ‘चतुर्थांश’ म्हणावे आणि बिंदूसाठी ‘चतुर्थक’ राखून ठेवावे. दोन, प्रबंधात चतुर्थक देताना कोणत्या नियमाने काढले ते एका ओळीत सांगावे, आणि लहान सामग्री असल्यास दुसऱ्या नियमानेही निष्कर्ष टिकतो का हे पाहावे. परीक्षकांनीही उत्तरातील आकडा आपल्या पुस्तकाशी जुळत नाही एवढ्यावरून गुण कापू नयेत. आधी विद्यार्थ्याने चौथा भाग कशाचा घेतला ते विचारावे. त्या दोन विद्यार्थ्यांना आम्ही अखेरीस उताऱ्याची आणखी दोनशे वाक्ये मोजावयास सांगितली.