थकव्याची नावं आणि परतीची वाट

१८६९ साली न्यू यॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड या डॉक्टरनं एका जुन्याच थकव्याला नवं नाव मिळवून दिलं : न्यूरॅस्थेनिया, म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा. झोप उडणं, सतत धास्ती, डोकं जड होणं ही लक्षणं. १८८१ च्या पुस्तकात त्यानं कारणंही सांगितली : वाफेची शक्ती, तारयंत्र, नियतकालिकं, विज्ञान आणि (हो!) बायकांनी डोकं चालवणं. समजावायला त्यानं एडिसनच्या दिव्यांचं उदाहरण घेतलं. यंत्राची ताकद ठरलेली असते. दिवे वाढवत गेलात तर सगळेच मंद होतात, काही विझतात. ‘बॅटरी डाउन आहे रे’ असं आपण मित्राला म्हणतो, ते थोडंफार बिअर्डचंच बोलणं.

हा इतिहास मी वाचायला घेतला तेव्हा माझी पुण्यातली नोकरी सुटलेली होती. रात्री तीनला वाजणारा ऑन-कॉलचा फोन, संपत नसलेले स्प्रिंट, आणि लॅपटॉप उघडला की हातांना सुटणारा घाम. आठ महिने घरी होते. औषधं, समुपदेशन चालू होतं. झोप परत आली. पण प्रश्न राहिला : ‘बरं झालं’ म्हणजे काय झालं की परत जायचं?

बिअर्डच्या काळात याचं उत्तर तुम्ही कोण आहात यावर ठरायचं. फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध डॉक्टर वेअर मिचेल बायकांना सक्तीची विश्रांती द्यायचे : अंथरूण, भरपूर खाणं, मालिश, एकांत. पुरुषांना मात्र मोकळ्या हवेत, पश्चिमेकडे पाठवलं जायचं. १८८७ मध्ये शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका बाळंतपणानंतरच्या नैराश्यात त्यांच्याकडे गेली. घरी जाताना तिला सांगण्यात आलं : दिवसात फार तर दोन तास बौद्धिक काम, आणि पेन, ब्रश, पेन्सिल आयुष्यात पुन्हा हातात धरायची नाही. तिनं तीनेक महिने हे पाळलं आणि वेडाच्या काठावर पोचली. मग सल्ला बाजूला ठेवून ती कामाला लागली आणि सावरत गेली. १८९२ मध्ये आलेली तिची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा याच अनुभवातून जन्मली. विश्रांती औषध असते, पण ती शिक्षाही होऊ शकते.

‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थानं रुळला तो १९७४ नंतर. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हा नाझी जर्मनीतून लहानपणी निसटलेला मानसशास्त्रज्ञ न्यू यॉर्कमध्ये दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करायचा आणि रात्री मोफत दवाखान्यात राबायचा. तिथले सगळ्यात झोकून देणारे स्वयंसेवकच आधी कोसळतात, हे त्यानं पाहिलं. तो स्वतःही कोसळला. म्हणजे हा आळशांचा आजार नव्हता.

आपल्या धंद्यातही हे लवकरच दिसलं. डेटा जनरल कंपनीत नवा कॉम्प्युटर बनवायला कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं घेतली होती. ती रात्रंदिवस राबली. बक्षीस काय? पिनबॉलसारखं : हा डाव जिंकलात तर पुढचा खेळायला मिळेल. ट्रेसी किडरच्या १९८१ च्या ‘द सोल ऑफ अ न्यू मशीन’मध्ये ही गोष्ट आहे. नॅनोसेकंदांशी झटून थकलेला एक इंजिनिअर त्यात चिठ्ठी ठेवून व्हरमाँटला निघून जातो.

त्याच वर्षी क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी बर्नआउट मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी सहा जागा दाखवल्या, जिथे माणूस आणि काम यांचं जुळत नाही : कामाचा भार, त्यावरचा ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. सहाही गोष्टी कामाच्या जागी असतात, माणसाच्या डोक्यात नव्हे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही स्पष्ट केलं की बर्नआउट ही कामाशी निगडित बाब आहे. आजारांत तिची गणना नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. माझ्या चिंतेवर डॉक्टर उपचार करू शकतात, पण तीनच जणांत वाटलेल्या ऑन-कॉलवर गोळी नसते. मी कितीही बरी होऊन त्याच खुर्चीत बसले असते, तरी दिवे पुन्हा मंदच झाले असते.

म्हणून मुलाखतींत रेझ्युमेतल्या गॅपबद्दल विचारलं की मी सरळ सांगायचे, आणि उलट विचारायचे : ऑन-कॉलला किती जण? रात्री उठावं लागलं तर सकाळी काय? डेडलाइन कोण ठरवतं? दोन ठिकाणी चेहरे उतरले. तिसरीकडे टीम लीड म्हणाली, ‘सहा जण. आणि रात्री उठलीस तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यायचं नाही.’

मी आता तिथे काम करते. फोन वाजला की अजूनही छातीत धस्स होतं. पण आठवड्याची पाळी संपली की फोन दुसऱ्याकडे जातो, आणि पुढचे पाच आठवडे रात्र माझी असते.