एकदाच वापरायचे प्लास्टिक : कायदा काय सांगतो, तासगावात आपण काय करू शकतो

एकदा वापरून फेकून दिले जाणारे प्लास्टिक म्हणजे पातळ पिशवी, पाण्याचा पाऊच, चहाचा कप, थर्माकोलची ताटली, चमचा, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरचे आवरण. वापर काही मिनिटांचा आणि कचरा कित्येक पिढ्यांचा. या विषयावर घोषणा भरपूर झाल्या. कार्यकर्त्याला मात्र नेमकी माहिती लागते. ती एकत्र मिळावी म्हणून हा लेख. उदाहरण तासगावचे घेतले आहे, पण ते कोणत्याही तालुक्याच्या गावाला लागू पडेल.

कायदा काय आहे?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नाले आणि गटारे तुंबण्यामागे प्लास्टिकच्या पिशव्या हे एक मोठे कारण होते. त्यानंतर महाराष्ट्राने २००६ साली अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा केला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी राज्याची प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली. तीन महिन्यांच्या मुदतीनंतर, २३ जूनपासून दंड सुरू झाला : पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार आणि तिसऱ्यांदा २५ हजार रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद.

केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झाली. तिच्या यादीत प्लास्टिकच्या ताटल्या, कप, ग्लास, काटे-चमचे, स्ट्रॉ, सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या काड्या आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. प्लास्टिकचे झेंडे याच यादीत आहेत आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही. म्हणजे जयंतीला वाटले जाणारे प्लास्टिकचे निळे झेंडे आणि पंचशील ध्वजाच्या प्लास्टिकच्या पताका कायद्याने बंद आहेत. मिरवणुकीनंतर तेच झेंडे पायदळी आणि गटारात दिसतात. ज्या झेंड्यासाठी आपण भांडतो त्याची ही अवस्था कायदा नसता तरी आपल्याला पटली नसती.

आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी १०० पेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम विनापरवाना जागेत घेणाऱ्यांवर जबाबदारी टाकली : किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचे आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यायचा. कचरा उघड्यावर जाळण्यालाही याच नियमांनी मनाई केली. पीव्हीसी जाळले की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात, म्हणून मैदानाच्या कडेला ढीग पेटवून देणे ही सफाई नव्हे.

तासगावचे चित्र

तासगाव द्राक्षांचे आणि बेदाण्याचे गाव. इथल्या प्लास्टिकचे दोन भाग पाडून पाहावे लागतात. द्राक्षबागेवरचे आच्छादन, मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या हे शेतीचे प्लास्टिक २०२२ च्या यादीत नाही. ते अनेक हंगाम वापरता येते, पण फाटल्यावर बांधावर पडून राहिले किंवा जाळले तर नुकसान तेच. ते गोळा करून भंगारात देणे हा त्यावरचा साधा उपाय. दुसरा भाग बाजार, हॉटेल, लग्न आणि सभांचा. बंदी आहे ती मुख्यतः या भागावर, आणि आपला हात पोहोचतो तोही इथेच.

सातारा जिल्ह्यातल्या खटाव भागातून येणारी येरळा तासगाव तालुक्यातून पुढे जाऊन ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वर्षातला बराच काळ कोरड्या असणाऱ्या पात्रात पिशव्या साचतात आणि पहिल्या पुरात कृष्णेत जातात. ज्यांच्या चळवळीत २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आहे, त्यांना पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागू नये.

याच तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गाडगेबाबा आणि बाबासाहेब यांचे नाते आपल्याला माहीत आहे. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांनी पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली होती. त्यामुळे स्वच्छतेचा विचार या मातीला आणि आपल्या चळवळीलाही परका नाही.

हा प्रश्न आपला का?

गटार प्लास्टिकने तुंबते तेव्हा ते मोकळे करायला कोण उतरते? २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेणे आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. तरी माणसे मरत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. मरणारे बहुतेक कोणत्या समाजाचे असतात हे सांगायला नको. कचरा वेचणाऱ्यांचेही तेच. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. म्हणून आम्ही प्लास्टिककडे केवळ पर्यावरणाचा विषय म्हणून पाहत नाही. आपण फेकलेली वस्तू शेवटी आपल्याच माणसाच्या हातात जाते.

धम्मातही याला आधार आहे. चुल्लवग्गात उदेन राजा आनंदांना विचारतो की इतक्या चीवरांचे करता काय. आनंद क्रमाने सांगतात : जुन्या चीवराचे पांघरूण होते, मग गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग झाडण्याचे फडके आणि शेवटी त्याचे तुकडे चिखलात मिसळून लिंपण्याला वापरतात. राजाचे समाधान होते. भिक्खूंनी पाण्यात थुंकू नये, घाण करू नये असा नियमही विनयात आहे.

कार्यक्रमात काय बदलायचे?

हिशेब करून पाहा. ५०० लोकांच्या भोजनदानात प्रत्येकी ताटली, वाटी, चमचा, ग्लास आणि पाण्याची बाटली धरली तर २,५०० वस्तू एका दुपारी कचऱ्यात जातात.

- विहारात किंवा समाजमंदिरात स्टीलची ताटे, वाट्या, पेले यांचा संच वर्गणीतून घ्यावा आणि वस्तीतल्या बारसे, लग्न, पुण्यानुमोदन यांसाठी द्यावा. ज्याने नेला त्याने घासून परत करायचा.
- संच पुरत नसेल तर पानांच्या पत्रावळी आणि द्रोण घ्यावेत. चकचकीत कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो पर्याय नव्हे.
- पाऊच आणि बाटल्यांऐवजी जार, पिंप आणि पेले. निमंत्रणातच ‘पाण्याची बाटली सोबत आणा’ असे लिहावे.
- झेंडे कापडी शिवून घ्यावेत आणि मिरवणुकीनंतर मोजून परत जमा करावेत. शिलाईचे काम वस्तीतल्याच महिलांना द्यावे.
- बॅनर कापडी असावा आणि त्यावर साल घालू नये. पुढच्या वर्षीही तोच लागेल.
- ओला कचरा, सुका कचरा यांचे वेगळे डबे आणि प्रत्येक डब्यापाशी एक स्वयंसेवक. भांडी घासण्याचे आणि मैदान झाडण्याचे काम फक्त बायकांच्या माथी मारू नये. व्यासपीठावरच्यांचीही पाळी लागली पाहिजे.

नगरपरिषदेला काय विचारायचे?

दंडाचा बडगा बहुधा भाजीवालीवर पडतो. ५ हजार हा तिच्या कित्येक दिवसांच्या कमाईचा आकडा आहे, आणि पिशवी बनवणारा व घाऊक विकणारा मोकळाच राहतो. म्हणून माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकावेत : बंदीखाली गेल्या वर्षी किती कारवाया झाल्या, त्यात किरकोळ विक्रेते किती आणि घाऊक किती? जप्त माल कुठे गेला? सफाई कामगारांना हातमोजे, बूट कधी दिले? उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

उत्तर आले की ते वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवा. तोवर पुढच्या कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात ताटांच्या संचासाठी एक रक्कम लिहून ठेवा. प्रश्न विचारणाऱ्याचे स्वतःचे मैदान स्वच्छ असले की प्रश्नाला वजन येते.