निकाल आधी, तारे नंतर

२९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, पाँटिअॅक सिल्व्हरडोम नावाच्या छपराच्या स्टेडियममध्ये ‘रेसलमेनिया ३’ झाला. आत ९३,१७३ प्रेक्षक आहेत असं आयोजकांनी जाहीर केलं. शेवटची लढत हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची. सात फूट चार इंच उंचीचा म्हणून मिरवला जाणारा आंद्रे होगनने उचलला, आपटला आणि चितपट केला. छप्पर उडालं नाही एवढंच. व्यावसायिक कुस्तीवरचा कुठलाही माहितीपट लावा, हे दृश्य त्यात असतंच. टपालाने वर्गणीदारांच्या घरी जाणाऱ्या एका वार्तापत्राने मात्र या लढतीला गुण दिले, तेही शून्याच्या खाली: उणे चार तारे. त्याच वार्तापत्राच्या हिशेबाने प्रेक्षकही ७८,००० च्या आसपासच होते. त्याच रात्रीच्या दुसऱ्या एका लढतीला, रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट, त्याने साडेचार तारे बहाल केले.

वार्तापत्राचं नाव ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’, ते काढणारा डेव्ह मेल्टझर. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या कुस्तीच्या कार्यक्रमानंतर चाहते ज्या ताऱ्यांची वाट बघतात, ते याच माणसाचे. पण तारे द्यायची कल्पना त्याची नव्हे, आणि ती कुस्तीतही जन्मली नाही.

गुण म्हणून खूण करायची रीत प्रवाशांची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मरियाना स्टार्क ही इंग्रज लेखिका युरोपातल्या प्रेक्षणीय चित्रांपुढे उद्गारचिन्हं देत असे. चित्र जितकं थोर तितकी चिन्हं जास्त. पुढे मरे आणि बेडेकर यांच्या प्रवासपुस्तकांनी उद्गारचिन्हाच्या जागी तारा आणला. (हा बेडेकर जर्मन, लोणच्याचा काही संबंध नाही.) १९१५ पासून एडवर्ड ओब्रायन वर्षातल्या उत्तम अमेरिकन लघुकथांना तारे लावू लागला. ३१ जुलै १९२८ च्या ‘न्यू यॉर्क डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या चित्रपटाला एक तारा दिला, आणि परीक्षण न वाचता नुसते तारे मोजण्याची सवय वाचकांना लागली ती लागलीच.

तिथून कुस्तीपर्यंत यायला तारा पन्नासेक वर्षं अडकून पडला, आणि त्याला कारण होतं. गुण ज्याला द्यायचे ती कलाकृती आहे हे आधी कबूल करावं लागतं. कुस्तीच्या धंद्याला नेमकं तेच कबूल करायचं नव्हतं.

आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणजे शिवी. खासबागच्या मैदानात दोन मल्ल आतून ठरवून खेळत आहेत असा वास जरी आला तरी लोक उठून ओरडतात. अमेरिकेत १९२० च्या दशकात एड ‘स्ट्रँगलर’ लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटाने त्याच नुरा कुस्तीचा रीतसर कारखाना काढला. खऱ्या कुस्त्या तासन् तास चालायच्या, दोघं एकमेकांना धरून पडून राहायचे आणि तिकीट काढलेला माणूस जांभया द्यायचा. या त्रिकुटाने वेळेची मर्यादा घातली, फेकाफेकी वाढवली आणि कोण कधी कुणाकडून हरणार याचं वेळापत्रक आखलं. हे वेळापत्रक आखणाऱ्याला धंद्यात ‘बुकर’ म्हणतात. मात्र बाहेर सगळं खरं आहे असंच सांगायचं, ही शपथ. रिंगणातले वैरी गावात एका टेबलावर जेवताना दिसता कामा नयेत, इथपर्यंत ती पाळली जाई. दुकानात मिळणारी कुस्तीची मासिकंही याच शपथेत सामील होती. त्यांत पहिल्या दहा मल्लांच्या याद्या असायच्या, त्याही जणू विजय मोजून केलेल्या. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांच्या खिशात ‘रेसलमेनिया’ भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीचे पत्ते असायचे. कुणाची छाती किती, किती लढती जिंकल्या, यावर डाव लागायचे. त्या पत्त्यांची जात या याद्यांचीच.

आता ज्याला आतलं ठाऊक आहे, तरी कुस्ती सोडवत नाही, त्या चाहत्याने लिहायचं काय? कोण जिंकलं हे लिहिण्यात अर्थ नाही. ते एका कागदावर आठवडाभर आधीच लिहिलेलं असतं. उरतो एकच प्रश्न: जे ठरलं होतं ते या दोघांनी कसं वठवलं? त्याचं उत्तर देणारं माप क्रीडापानावर नव्हतं, सिनेमाच्या पानावर होतं.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत अशा चाहत्यांची सायक्लोस्टाइल आणि झेरॉक्सवर काढलेली हौशी पत्रकं टपालाने फिरत. त्यांतलं एक नॉर्म डूली या चाहत्याचं, ‘वीझल्स वर्ल्ड ऑफ रेसलिंग’. लढतींना तारे देण्याची पद्धत मेल्टझरने तिथून उचलली. डूलीचा दोस्त जिम कॉर्नेट. लुइव्हिलचा हा चष्मेवाला पोरगा तेव्हा रिंगणाच्या कडेला उभा राहून मल्लांचे फोटो काढायचा. पुढे हातात टेनिसची रॅकेट घेतलेला खलनायकी मॅनेजर म्हणून तो गाजला. डूलीचं नाव आज थोड्या जणांना आठवतं. कुळपुरुषांच्या नशिबी हे असतंच.

मेल्टझर वर्तमानपत्राच्या मुशीतला. सॅन होजे विद्यापीठात पत्रकारितेची पदवी, मग छोट्या गावांच्या दैनिकांत क्रीडा विभागात नोकरी. १९८२ च्या सुमारास ‘ऑब्झर्व्हर’ सुरू झाला तो ओळखीच्या चाहत्यांपुरता. त्याने दोन गोष्टी एकत्र केल्या. धंद्याची बातमी, म्हणजे कुणाचा करार संपला, कुठे किती गल्ला जमला, ही एखाद्या बाजारभावाच्या सदरासारखी कोरडेपणाने दिली. आणि लढतींना तारे दिले, पाव ताऱ्यापर्यंत बारकाईने. पाच म्हणजे सर्वोत्तम. अगदीच फुसक्या लढतीला ‘डड’. त्याहून खाली गेलं तर उणे. टंकलेखनयंत्रावरचं फुलीवजा चिन्हच तारा म्हणून चालवलं जाई, म्हणून चाहते त्यांना अजूनही थट्टेने ‘स्नोफ्लेक्स’ म्हणतात.

या ताऱ्यांना बळ दिलं व्हिडिओ कॅसेटने. तोवर कुस्ती ज्याच्या त्याच्या गावापुरती होती. मेम्फिसच्या माणसाला टोकियोत काय चाललंय याचा पत्ता नसे. व्हीसीआर आल्यावर चाहते एकमेकांना टेपा पाठवू लागले, आणि प्रश्न आला की कुठली टेप मागवायची. तारे तिथे कामाला आले. २१ एप्रिल १९८३ रोजी टोकियोत टायगर मास्क आणि ब्रिटिश मल्ल डायनामाइट किड यांची लढत झाली. टायगर मास्क हे पात्र मुळात जपानी चित्रकथेतलं. वाघाच्या मुखवट्याआड सतोरू सायामा नावाचा चपळ मल्ल होता. मेल्टझरने पाच तारे दिलेल्या अगदी सुरुवातीच्या लढतींत ही गणली जाते. आडदांड माणसांच्या ढकलाढकलीवर वाढलेल्या अमेरिकन चाहत्याने त्या टेपेत हलक्या वजनाची दोन माणसं रिंगणाच्या दोरांवरून उडताना पाहिली आणि त्याची भूकच बदलली.

पुन्हा सिल्व्हरडोमला जाऊ, कारण ताऱ्यांचा सगळा न्याय आणि अन्याय त्या एका रात्रीत सापडतो. त्या काळी बहुतेक मल्ल शेवट कसा करायचा एवढंच ठरवून रिंगणात उतरत. मधलं सगळं एकमेकांच्या कानात कुजबुजत, लोकांचा कल बघत जुळवलं जाई. सॅव्हेजला हे मंजूर नव्हतं. त्याने आणि स्टीमबोटने लढतीतली एकेक हालचाल वहीत उतरवली, क्रमांक घातले आणि पाठ केली. एकाने क्रमांक म्हणायचा, दुसऱ्याने पुढचं सगळं घडाघडा सांगायचं. साधारण पंधरा मिनिटांच्या त्या लढतीत पंच किती वेळा दोनपर्यंत मोजतो आणि तिसऱ्याला खालचा मल्ल खांदा उचलतो, ते बघण्यासारखं आहे. दर खेपेला लोक उठतात, दर खेपेला फसतात, आणि तरी पुढच्या वेळी पुन्हा उठतात. शेवटी स्टीमबोटने सॅव्हेजला अचानक गुंडाळून खांदे टेकवले. साडेचार तारे कमीच वाटावेत अशी ती बांधणी आहे.

होगन–आंद्रे लढत याच्या नेमकी उलट. आंद्रेच्या पाठीचं दुखणं तोवर विकोपाला गेलं होतं; पोशाखाच्या आत आधारपट्टा बांधून तो उतरला होता. त्याला धड वाकता येत नव्हतं, पळायचा प्रश्नच नव्हता. बारा मिनिटांतला त्याचा कितीतरी वेळ होगनला नुसतं कवेत आवळून धरण्यात गेला. आंद्रेला आजवर कुणी उचलून आपटलेलं नाही ही जाहिरातही खोटी. खुद्द होगननेच त्याला १९८० साली आपटलं होतं. कारागिरी म्हणून पाहिलं तर उणे चारशी फार भांडता येत नाही.

तरीही मला ते गुण पटत नाहीत. मावळतीला आलेला महाकाय माणूस आपली थोरवी पुढच्याच्या हाती सोपवतो आहे, हे त्या स्टेडियममधल्या शेवटच्या रांगेतल्या पोरालाही न सांगता कळत होतं. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्तने १९५७ च्या आपल्या ‘मिथोलॉजीज’ या संग्रहाची सुरुवातच कुस्तीवरच्या निबंधाने केली. कुस्ती हा खेळ नसून देखावा आहे, आणि तिथे प्रत्येक खूण ढळढळीत वाचता यायला हवी, हा त्याचा मुद्दा. त्या मापाने आंद्रेचं कोसळणं अव्वल ठरतं. तारा मोजतो मेहनत, गती, बांधणी. माणसाचं नुसतं असणं त्याला मोजता येत नाही. आपल्या जत्रेतल्या मैदानाचा रिवाज मला यापेक्षा मोकळा वाटतो: लढत चटकदार झाली की निवेदक माइकवरून पुकारतो, अमक्या पाटलांकडून पाचशे, तमक्या सरपंचांकडून हजार, आणि कधी ते हरलेल्याच्याही फेट्यात पडतात. तिथे परीक्षक शेकडो असतात.

फेब्रुवारी १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःहून सांगून टाकलं की आमची कुस्ती ही करमणूक आहे, खरी स्पर्धा नाही. कारण रोकडं होतं: क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टाळायचे होते. शपथ मोडली ती अशी, पैशापायी. ताऱ्यांचं मात्र यात काही बिघडलं नाही. त्यांचा व्यवहार पहिल्यापासून या कबुलीवरच चालला होता.

नव्वदच्या दशकात पाच ताऱ्यांची गंगा वाहिली ती मुख्यतः जपानात. ३ जून १९९४ च्या, टोकियोतल्या बुदोकान सभागृहातल्या मिसावा–कवादा लढतीचं नाव जुने चाहते अजून कानाला हात लावून घेतात. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या वाट्याला पाच तारे मोजक्याच वेळा आले, जसं की १९९४ मध्ये ब्रेट आणि ओवेन या हार्ट बंधूंची पिंजऱ्यातली लढत, १९९७ मध्ये ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. ही दुसरी लढत ताऱ्याचा अर्थ सांगायला पुरेशी आहे. ऑस्टिन हरला, पण रक्ताने माखलेल्या चेहऱ्याने शरण न जाता बेशुद्ध पडला. खलनायक म्हणून आत गेलेला तो नायक होऊन बाहेर आला, आणि ब्रेटचं उलटं झालं. त्याच वर्षीच्या शॉन मायकल्स–अंडरटेकर लढतीनंतर या कंपनीला पुढचे पाच तारे २०११ च्या सीएम पंक–जॉन सीना लढतीला मिळाले. मधली चौदा वर्षं कोरडी.

४ जानेवारी २०१७ रोजी टोकियो डोममध्ये कझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा पाऊण तासाहून अधिक लढले, आणि मेल्टझरने सहा तारे दिले. पाचपैकी सहा! त्याच वर्षी जूनमध्ये ओसाकात दोघांची पूर्ण साठ मिनिटांची बरोबरी झाली, तिला सव्वासहा. जून २०१८ मध्ये तीनपैकी दोन डावांची लढत, तिला सात. शंभरपैकी एकशे चाळीस गुण देणाऱ्या मास्तरावर पालक जसे हसतील आणि चिडतील, तसंच झालं. मला यात गणिताची चूक कमी आणि तिशी-पस्तिशी उलटलेल्या मापाची अडचण जास्त दिसते. १९८३ ला ज्याला पाच दिले, त्याहून अवघड काम समोर होतंय असं वाटलं तर परीक्षकाने करायचं काय? जुने तारे परत घेता येत नाहीत. पट्टी लांबवणं हाच एक मार्ग उरतो, आणि लांबवलेल्या पट्टीवर कुणाचाच पुरता विश्वास बसत नाही.

दरम्यान मल्लांची नवी पिढी ताऱ्यांवरच वाढली. टेपा मागवणारी पोरंच मोठी होऊन रिंगणात उतरली, आणि लांब लढती, शेवटच्या क्षणी सुटणाऱ्या पकडी, एकावर एक चढत जाणारे जीवघेणे डाव हे ताऱ्यांचं व्याकरण त्यांनी गिरवलं. ज्या पत्रकातून तारे आले त्याच्या मालकाचा दोस्त जिम कॉर्नेट आज या शैलीचा, आणि विशेषतः ओमेगाचा, सर्वांत कडवा टीकाकार आहे. ओमेगाचे साथीदार यंग बक्स, म्हणजे मॅट आणि निक जॅक्सन हे भाऊ, यांनी तर आपल्या एका जोड-डावाचं नावच ‘मेल्टझर ड्रायव्हर’ ठेवलं: एक भाऊ प्रतिस्पर्ध्याला उलटा धरून उभा राहतो, दुसरा दोरावरून कोलांटी घेत येतो आणि तिघं मिळून खाली आदळतात. ज्या लढतीत हा डाव पडतो, तिलाही मेल्टझर तारे देतोच.