शिबिर संपल्यावर गावात काय उरतं?

मी कॉलेजात शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या मुलांनी सात दिवस राबून शोषखड्डे खणले. अहवालात खड्ड्यांची संख्या, श्रमाचे तास, फोटो, सगळं नीट होतं. वर्षानं त्या गावी गेलो, तर निम्मे खड्डे गाळानं बुजलेले. एक आजी म्हणाली, "आमाले इचारलं असतं त जागा सांगतली असती जी." चूक माझीच होती.

अशा कामाचं मोजमाप कशानं करायचं? राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, हे तिचं गणित. तास मोजायला सोपे, म्हणून आम्ही तेवढेच मोजत राहिलो.

त्याआधी, १९६७ साली, बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यात सकाळी श्रम, नंतर चर्चा. इथली कसोटी वेगळी होती: घरी परतलेला तरुण पुढं कसा जगतो? ही कसोटी मोलाची खरी, पण ती तरुणाची. गावाचं काय?

त्याचं उत्तर गडचिरोलीतच सापडतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांच्या घरगुती काळजीचं काम उभारलं. गावातल्याच बायांना त्यासाठी शिकवलं. शिवाय हे काम नसलेल्या ४७ गावांतलेही जन्म-मृत्यू नोंदवले. नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेनं सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. तुलना होती, म्हणूनच हे ठामपणे सांगता आलं.

कॉलेजच्या शिबिराला एवढं संशोधन झेपणार नाही. पण आधीची स्थिती लिहून ठेवणं आणि वर्षानं परत जाणं नक्कीच झेपतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं तर अभ्यासगटाची वाट दाखवली. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून शिकले, निर्णय मात्र ग्रामसभेनं घेतले. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला २००९ साली मिळाला, त्यामागं हीच तयारी होती.

नंतरच्या शिबिरांत मी अहवालाची शेवटची दोन पानं कोरी ठेवू लागलो. वर्षानं गावाच्या सभेत बसून ती भरायची. आधी गाव बोलणार, मग आम्ही लिहिणार. त्या पानांवर शाबासकी कमीच आली, पण पुढचे खड्डे योग्य जागी खणले गेले.