वर्णपटाची साक्ष



माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण जिनिंग कारखान्यांच्या दारांत आणि गावोगावच्या वाचनालयांत झाले. तेव्हा आकाशाविषयी बोलण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे आयुष्य साक्षीपुराव्यावर भांडण्यात गेले आणि दूरच्या चंद्रांवरील बर्फाची कथा ही साक्षीचीच कथा आहे, एवढाच माझा अधिकार.

1800 साली विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे तापमापक ठेवला. पारा चढला! हेच अवरक्त किरण. प्रत्येक पदार्थ यांतले आपापले किरण गिळतो. ते परतलेल्या प्रकाशात गैरहजर असतात. हजेरीपटावर एकाच वस्तीची माणसे गैरहजर दिसली की तेथे काही घडले आहे, हे मी न जाता ओळखीत असे, तसेच हे. पाण्याचा बर्फ दीड व दोन मायक्रॉनजवळचे किरण गिळतो. 1972 साली पिल्चर, रिजवे व मॅककॉर्ड यांनी गुरूच्या युरोपा व गॅनिमीड या चंद्रांच्या प्रकाशात नेमकी हीच गैरहजेरी टिपली. अंतर 58 कोटी किलोमीटरांहून अधिक. तोवर तेथे एकही यान पोचलेले नव्हते.

वर्णपट वाचण्याची ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीला सरकारी मदतीची जोड मिळून पुण्याच्या सायन्स कॉलेजात 1888 साली वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख. वीस इंची दुर्बीण! तेजोमेघांतील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची, असे नॉर्मन लॉकयर या विख्यात पंडिताचे मत होते. तसे असते तर ती एका कडेला विरत गेलेली दिसावयास हवी होती. नायगमवालांनी मृगातील तेजोमेघ पाहिला. रेषा दोन्ही कडांना रेखीव होती. त्यांनी 1891 साली तसे स्पष्ट लिहिले. पुढे 1927 साली बोवेनने ती रेषा प्राणवायूची असल्याचे दाखविले. नाव कितीही मोठे असो, साक्ष त्याहून मोठी ठरली.

परंतु कथा येथे संपत नाही. 1912 साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. हे वाचले तेव्हा मला आमचीच एक युनियन आठवली. ती एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. तो थकला, आणि दप्तर कोणाच्या माळ्यावर पडले तेही कळले नाही. त्याच्या हाताखाली दुसरा माणूस तयार केला नाही, हा दोष आम्हा सर्वांचा.

2023 साली जेम्स वेब दुर्बिणीने युरोपावर कार्बन डायऑक्साइड ओळखला. हे काम पिढ्यांनी चालविले म्हणून चालले. परतूरच्या एखाद्या मुलाला उद्या लोलक हवासा वाटला, तर तो त्याच्या हाती पडावा आणि त्याच्यानंतर दुसऱ्याच्या हाती जावा, एवढी तजवीज आपण गावकऱ्यांनी करावी, ही माझी विनंती.