देवनागरी अक्षर : खिळ्यापासून लिनक्सपर्यंत

मराठी अक्षर कागदावर कसें आलें हा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. तेंच अक्षर लिनक्ससारख्या, फार थोड्या घरांत वापरल्या जाणाऱ्या संगणक-प्रणालीवर कसें आलें, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें.

जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं मुंबईंत खिळे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या ठशांमुळें तेथील देवनागरी नांवाजली. परंतु प्रत्येक आकारासाठीं खिळ्यांचा निराळा संच ओतावा लागे. संगणकावरही आरंभीं तेंच झालें. अक्षर म्हणजे ठिपक्यांची जाळी. ती मोठी केली कीं कडा करवतीसारख्या दिसत. पुढें अक्षराची बाह्यरेषाच गणितानें सांगण्याची रीत आली; १९९१ सालची ट्रूटाइप ही अशीच पद्धति. आतां एकाच आराखड्यावरून बारीक तळटीपही निघे आणि दुकानाची पाटीही.

रोमन लिपीचें काम येथें बहुतेक संपलें. देवनागरीचें येथून सुरू झालें. 'कि' मधील इकार उच्चारांत मागून येतो, पण वेलांटी अक्षराच्या आधीं बसते. 'सूर्य' मधील रफार 'य'च्या माथ्यावर चढतो. जुळारी हें हातानें साधी. संगणकास तें ठाऊक नव्हतें. म्हणून निरनिराळ्या कंपन्यांनीं रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठीचे तुकडे बसवून वेळ निभावली. परिणाम असा कीं, एका फाँटांतील मजकूर दुसऱ्यांत उघडला तर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. पनवेल येथें शिक्षक असतांना आम्हीं संगणकावर केलेल्या कित्येक प्रश्नपत्रिका आज वाचतां येत नाहींत. शिळाछापावरचें जुनें पंचांग मात्र कोणालाही वाचतां येतें.

१९९१ सालींच युनिकोडनें देवनागरी वर्णांस स्वतंत्र क्रमांक दिले, आणि जोडाक्षरांचे नियम ओपनटाइप फाँटांत ठेवण्याची सोय पुढें झाली. विंडोज २००० मध्यें र. कृ. जोशी यांचा 'मंगल' फाँट आला; पण ती प्रणालि एका कंपनीच्या मालकीची. १९९१ सालीं लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं आरंभिलेली लिनक्स सर्वांस खुली होती. १९९६ पासून 'फ्रीटाइप' तिच्यावर बाह्यरेषांचे ठिपके पाडूं लागलें. उणीव राहिली ती अक्षरें जुळविण्याच्या ज्ञानाची.

तें काम मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेनें 'इंडिक्स' या नांवानें अंगावर घेतलें. ही संस्था २००३ सालीं सी-डॅकमध्यें विलीन झाली. तिचें एक केंद्र आमच्या पनवेल तालुक्यांतील खारघर स्थानकासमोरच आहे. प्रत्येक प्रोग्राम न बदलतां, पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या मूळ यंत्रणेलाच जोडाक्षरें शिकवावीं, हा त्यांचा विचार. दुसरीकडे 'पँगो' या संग्रहानें तेंच ज्ञान प्रोग्रामांच्या बाजूस ठेवलें. २००२ सालीं ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीनें तें स्वीकारलें, आणि पुढें जगानें तोच मार्ग धरला. जोशींचा 'रघु' फाँटही लिनक्सवर मुक्तपणें मिळूं लागला.

इंडिक्सचा मार्ग मागें पडला, म्हणून तो प्रयत्न व्यर्थ ठरत नाहीं. आपल्या लिपीचे नियम आपल्याच माणसांनीं उघड्यावर लिहून ठेवले, तर आजचें मराठी लेखन पन्नास वर्षांनींही वाचतां येईल. ज्यांच्या घरीं जुन्या फाँटांतलीं पत्रें अथवा हिशेब पडून असतील, त्यांनीं तीं वेळींच युनिकोडमध्यें उतरवून घ्यावीं, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.