वासुदेव गायतोंडे

वासुदेव संतू गायतोंडे (२ नोव्हेंबर १९२४ – १० ऑगस्ट २००१) हे भारतीय चित्रकार होते. आधुनिक भारतीय कलेतील अमूर्त चित्रशैलीचे ते अग्रणी मानले जातात. आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ ही संज्ञा मात्र त्यांना मान्य नव्हती. ते त्यांना ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणत.

जीवन

गायतोंडे यांचे कुटुंब मूळचे गोव्याचे. त्यांचा जन्म नागपूर येथे झाला. बालपण मुंबईत गिरगावातील चाळीत गेले. १९४८ मध्ये त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. पुढे ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडले गेले. भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काही काळ काम केले. १९७२ मध्ये ते दिल्लीला स्थायिक झाले व अखेरपर्यंत एकाकी, प्रसिद्धिपराङ्मुख जीवन जगले.

शैलीचा विकास

आरंभीच्या चित्रांत मानवाकृती असून त्यांवर भारतीय लघुचित्रांतील सपाट, तेजस्वी रंगांचा प्रभाव दिसतो. पुढे पॉल क्ली या स्विस-जर्मन चित्रकाराच्या कलेच्या अभ्यासातून रेषा अधिक मोकळी झाली आणि आकृती हळूहळू विरत गेली. १९६० च्या सुमारास रेषेची जागा रंगाच्या थरांनी घेतली. या काळातील काही चित्रांत क्षितिजाचा भास होतो. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले व तेथे मार्क रॉथको यांना भेटले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी प्रामुख्याने उभे कॅनव्हास वापरले. झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज आणि जे. कृष्णमूर्ती यांच्या चिंतनाचाही त्यांच्यावर प्रभाव होता.

तंत्र

कुंचल्याऐवजी ते मुख्यतः रोलर व रंगपाते वापरत. तैलरंगाचे पातळ थर एकावर एक देऊन ते काही ठिकाणी खरवडत. नंतरच्या काळात कागदाचे रंग लावलेले तुकडे कॅनव्हासवर दाबून व उचलून ते आकार उमटवत. एकेक चित्र दीर्घ मननानंतरच पूर्ण होत असल्याने वर्षभरात मोजकीच चित्रे होत. १९८४ मधील अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणे अशक्य झाले, तेव्हा ते कागदावर शाईची लहान रेखाचित्रे काढू लागले. काही वर्षांनी ते पुन्हा तैलरंगांकडे वळले.

सन्मान व वारसा

१९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना प्रथम पारितोषिक मिळाले. भारत सरकारने १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मानही त्यांना लाभला. सुनील काळदाते यांनी त्यांच्यावर माहितीपट बनवला आहे.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ मध्ये त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरवले. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी रुपयांहून अधिक किंमत मिळाली. हयातीत बाजारापासून दूर राहिलेल्या या चित्रकाराची गणना आता सर्वाधिक किंमत मिळवणाऱ्या भारतीय चित्रकारांत होते.